डॉक्टर माक्स विल्म्स
बालकांच्या मूत्रपिंडरोगाच्या एका अभ्यासकाचे चरित्र

जगातील कित्येक थोर पुरुषांची नावे रस्त्यांना, पुलांना व विद्यालयांना दिलेली आढळतात. एका गृहस्थांचे नाव मात्र लहान मुलांच्या एका दुर्धर रोगास मिळाले आहे. ज्या मोठ्या रुग्णालयांत बालकांच्या कर्करोगावर उपचार होतात, तेथे विल्म्सची गाठ हे शब्द नेहमी कानी पडतात. आपल्या तान्हुल्यास मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या आईबापांस ते एखाद्या औषधाचे वा परदेशाचे नाव वाटत असेल. हे नाव एका माणसाचे आहे, तो माणूस मुलाबाळांच्या दुःखाचे मूळ शोधीत वर्षानुवर्षे खपला, आणि शेवटी एका शत्रूचा प्राण वाचविताना स्वतःचा प्राण गमावून बसला, हे त्यांस बहुधा कोणी सांगत नाही. महोत्सवाच्या या स्मरणिकेत ज्यांनी पेरणी केली पण कापणी पाहिली नाही, अशांचे स्मरण होणे उचित होय. म्हणून डॉक्टर विल्म्स यांचे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या रोगाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मनुष्याच्या पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, फासळ्यांच्या आडोशाला, दोन मूत्रपिंडे असतात. रक्त गाळून त्यांतील मळ मूत्रावाटे बाहेर टाकणे हे त्यांचे काम. ते रात्रंदिवस अव्याहत चालते, आणि काही बिघडले नाही तोवर त्यांची आठवणही आपणांस होत नाही. क्वचित एखाद्या बालकाच्या मूत्रपिंडात गाठ वाढू लागते. सुमारे दहा हजार मुलांत एकास हा रोग होतो, आणि बहुतेक रोगी पाच वर्षांच्या आतले असतात. यातील कपटाचा भाग असा की, मूल बहुधा हसतखेळत असते. आई त्यास न्हाऊ घालीत असता तिच्या हाताला पोटाच्या एका बाजूस काहीतरी टणक लागते; किंवा झबले एकाएकी पोटावर घट्ट होते. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात की, बाळ बाळसे धरीत आहे, किंवा पोटात जंत झाले असतील. दिवस जातात व गाठ मोठी होते. गेल्या शतकाच्या आरंभी ज्या घरी हे घडे, त्या घरी पुढे काय होणार हे वैद्य जाणून असत. आणि ते सांगण्याचे धैर्य त्यांस होत नसे.

माक्स विल्म्स यांचा जन्म ता. ५ नोव्हेंबर १८६७ रोजी जर्मनीच्या पश्चिम सीमेवर आखन शहराजवळील ह्यूनशोव्हेन या गावी झाला. हे गाव आता गाइलेनकिर्शेन नगरात सामावलेले आहे. वैद्यकाच्या अभ्यासासाठी त्यांनी, त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांच्या रीतीप्रमाणे, एकाच विद्यापीठास चिकटून न राहता म्युनिक, मारबुर्ग, बर्लिन व बॉन अशा चार ठिकाणच्या गुरूंजवळ विद्या घेतली. आणि १८९० साली त्यांस डॉक्टर ही पदवी प्राप्त झाली. तेव्हा त्यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते.

पदवी हाती येताच पाटी लावून व्यवसाय मांडावा, हा मार्ग त्यांस मोकळा होता. परंतु ते गीसेन येथे प्राध्यापक बोस्ट्रोम यांच्या हाताखाली विकृतिविज्ञानाच्या शाळेत गेले. या शास्त्रात जिवंत रोग्याशी संबंध थोडा. मेलेल्या मनुष्याचे शरीर उघडून रोगाने कोणत्या अवयवाचा कसा नाश केला ते पाहावयाचे. त्या अवयवाचे कागदाहून पातळ काप काढून ते रंगवावयाचे. आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरून तासन् तास निरखावयाचे, असे हे काम. त्यात रोग्याची कृतज्ञता नाही, लोकांत नाव नाही, द्रव्यलाभही नाही. तथापि या कंटाळवाण्या भासणाऱ्या कामानेच विल्म्स यांच्या दृष्टीस वळण लागले. पुढे ते कोलोन येथील रुग्णालयात गेले व तेथे शस्त्रक्रियेकडे वळले. आणि एकोणिसावे शतक संपण्यास थोडी वर्षे उरली असता लाइपझिग येथे नामांकित शस्त्रवैद्य फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांचे साहाय्यक झाले. एका हाती शस्त्र व एका डोळ्यापुढे सूक्ष्मदर्शक, अशी त्यांची तयारी झाली. दोहोंपैकी एकच जाणणारे पुष्कळ होते. दोन्ही जाणणारे थोडे.

त्या काळी बालकांच्या मूत्रपिंडातील गाठीविषयी वैद्यांचे ज्ञान किती गोंधळलेले होते, हे पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात टॉमस रॅन्स यांनी १८१४ साली अशा एका बालरोग्याची हकीकत छापली होती. १८७२ साली एबर्ट यांनी, व १८७९ साली पुढे जगप्रसिद्ध झालेले विल्यम ऑस्लर यांनी, अशा गाठींचे वर्णन केले. खुद्द लाइपझिग येथील प्राध्यापक बिर्श-हिर्शफेल्ड यांनीही त्यांचा अभ्यास चालविला होता. परंतु प्रत्येकाने आपापल्या परीने निराळे नाव ठेवले. कारण असे की, या गाठीत जे दिसे ते मूत्रपिंडात दिसण्याचे कारणच नव्हते. कोणास तीत हातापायांत असतात तसे स्नायूंचे तंतू दिसले; कोणास बाहेरच्या कानात असते तशी कूर्चा दिसली; कोणास ग्रंथींसारख्या नळ्या, तर कोणास चरबी. मूत्रपिंडात मांडीचा स्नायू कोठून आला? ज्यास जे अधिक दिसले त्याने त्यावरून नाव दिले, आणि एकच रोग दहा नावांनी ओळखला जाऊ लागला.

शस्त्रवैद्यांची स्थिती याहून बरी नव्हती. मनुष्य एका मूत्रपिंडावर जगू शकतो, हे हायडेलबर्गचे गुस्टाव सिमोन यांनी १८६९ साली एका स्त्रीचे एक मूत्रपिंड काढून व तिला जगवून सिद्ध केले होते. त्यानंतर १८७७ साली लीड्स शहरी जेसप नावाच्या शस्त्रवैद्यांनी एका लहान मुलाचे गाठीने ग्रासलेले मूत्रपिंड काढले. मूल शस्त्रक्रियेतून उठले. परंतु काही महिन्यांनी गाठीने पुन्हा डोके वर काढले व ते गेले. इतरत्रही असेच होत गेले. कित्येक मुले शस्त्राखालीच दगावत, आणि जी वाचत त्यांतील बहुतेक वर्षादोन वर्षांच्या आत त्याच रोगाने जात. ज्या शत्रूचे रूपच ठाऊक नाही, त्याच्याशी झुंजावे कसे, असा प्रश्न होता.

विल्म्स यांनी हाच प्रश्न हाती घेतला. १८९९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी लाइपझिग येथे आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मिश्र गाठींवरील ग्रंथमालेचा तो पहिला भाग असून त्याचा विषय मूत्रपिंडातील मिश्र गाठी हा होता. तोपर्यंत इतरांनी लिहून ठेवलेल्या हकीकती त्यांनी गोळा केल्या, त्यांत आपल्या सात बालरोग्यांची भर घातली, आणि त्या सर्वांचे मूळ एक आहे असे प्रतिपादन केले.

त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत सांगावयाचे तर ते येणेप्रमाणे. आईच्या उदरात गर्भ वाढू लागतो तेव्हा आरंभी त्यात अवयव नसतात. केवळ पेशींचे थर असतात. त्यांपैकी मधल्या थरातून पुढे स्नायू, हाडे, कूर्चा व मूत्रपिंडे ही सर्व घडतात. एकाच मातीच्या गोळ्यातून कुंभाराने घडा, पणती व कौल काढावे, तसा हा प्रकार होय. आता या मधल्या थरातील काही पेशी, काय व्हावयाचे हे ठरण्यापूर्वीच मागे राहिल्या, आणि मूल जन्मल्यावर मूत्रपिंडात बसून भलत्याच वेगाने वाढू लागल्या, तर त्यांच्यातून काय निघेल? स्नायूही निघेल, कूर्चाही निघेल, आणि मूत्रपिंडाच्या अर्धवट नळ्याही निघतील. म्हणजे मूत्रपिंडात मांडीचा स्नायू बाहेरून आला नव्हता. गर्भावस्थेतील अपुरे राहिलेले काम बाळाच्या पोटात विपरीत रीतीने पुढे चालू होते, एवढेच. दहा नावांचे दहा रोग नसून एकच रोग आहे, हे या ग्रंथाने बहुतेकांस पटले. आणि वैद्य मंडळी त्या रोगास विल्म्स यांच्या नावाने संबोधू लागली.

येथे सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. या रोगाचा शोध विल्म्स यांनी लावला असे पुष्कळ ठिकाणी लिहितात, ते खरे नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्या आधी ऐंशीपंचाऐंशी वर्षे इतरांनी तो पाहिला होता. त्यांचा सिद्धांतही शब्दशः टिकला नाही. ह्या पेशी मूत्रपिंड घडविणाऱ्या गर्भावस्थेतील ऊतीतूनच निपजतात, त्याहून पूर्वीच्या अवस्थेतून नव्हे, असे आजचे शास्त्र मानते. तथापि गाठीचे बीज गर्भात आहे, हे त्यांचे मुख्य वचन खरे ठरले. १९९० साली मनुष्याच्या अकराव्या गुणसूत्रावर एक जनुक सापडले. ते बिघडल्यास ही गाठ होण्याचा संभव वाढतो, आणि मूत्रपिंडाची घडण होण्यासही तेच जनुक लागते. घडणीतील दोष व गाठ यांची सांगड विल्म्स यांनी केवळ काच व रंग यांच्या बळावर एक्क्याण्णव वर्षे आधी घातली होती.

त्यांचे यश असे असले, तरी त्यात एक मोठे दुःख दडलेले होते. गाठ कशी उद्भवते हे त्यांस कळले होते. ती बरी कशी करावी हे कळले नव्हते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरही मुले पूर्वीप्रमाणेच मरत राहिली. स्वतः कुशल शस्त्रवैद्य असूनही त्यांच्या हयातीत हे चित्र पालटले नाही. आपल्या श्रमाने एकही मूल वाचत नसेल तर ते श्रम कशासाठी, असा विचार कोणाच्याही मनास शिवला असता. विल्म्स यांच्या मनात काय होते ते सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांनी काम सोडले नाही, एवढे मात्र त्यांच्या पुढील आयुष्यावरून स्पष्ट दिसते.

पुढील वर्षांत त्यांची कीर्ती वाढत गेली. आतड्यास अडथळा होऊन जो प्राणघातक विकार होतो, त्यावर त्यांनी १९०६ साली मोठा ग्रंथ लिहिला. लुडविग वुलश्टाइन यांच्या सहकार्याने त्यांनी शस्त्रक्रियेचे एक पाठ्यपुस्तक सिद्ध केले. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या व परभाषांत भाषांतरे झाली. १९०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठाने त्यांस शस्त्रक्रियेचे प्राध्यापक नेमिले, आणि १९१० साली हायडेलबर्ग विद्यापीठाने बोलाविले. ज्या नगरीत सिमोन यांनी मूत्रपिंड काढण्याची पहिली योजनापूर्वक शस्त्रक्रिया केली होती, तेथेच मूत्रपिंडाच्या या अभ्यासकाने आपले अखेरचे दिवस घालवावे, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

हायडेलबर्ग येथे त्यांनी क्षयरोग्यांकडेही लक्ष दिले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा व दूधअंडी एवढाच उपाय. पोखरलेल्या फुप्फुसास विसावा मिळावा म्हणून फासळ्यांचे पुढचे व मागचे लहान तुकडे काढून छातीची ती बाजू खचू देण्याची एक शस्त्रक्रिया त्यांनी प्रचारात आणिली. तीसही काही काळ त्यांचे नाव होते. १९४४ नंतर क्षयावर गुणकारी औषधे निघाली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. क्ष-किरणांचा उपयोग रोग बरे करण्यासाठी कसा होईल, याकडेही त्यांचे लक्ष होते.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. हायडेलबर्ग हे लढाईच्या आघाडीपासून दूर असले तरी जखमींचा ओघ तेथवर येत असे. जर्मन सैनिकांबरोबर शत्रुपक्षाचे युद्धकैदीही तेथे येत. चार वर्षांत उभय पक्षांची लक्षावधी माणसे मारली गेली होती. १९१८ च्या वसंत ऋतूत पश्चिम आघाडीवर जर्मनांनी आपला शेवटचा मोठा हल्ला चढविला होता, आणि फ्रेंच व जर्मन यांच्यातील द्वेष पराकोटीस पोहोचला होता. जर्मन घरांत फ्रेंचांच्या गोळ्यांनी मेलेल्या मुलांसाठी, आणि फ्रेंच घरांत जर्मनांच्या गोळ्यांनी मेलेल्या मुलांसाठी, काळे कपडे घातलेले होते.

अशा समयी, मे महिन्यात, एक फ्रेंच युद्धकैदी विल्म्स यांच्यापुढे आणला गेला. त्यास कंठाचा घटसर्प झाला होता. या रोगात घशात व स्वरयंत्रात पडदा धरतो, सूज येते, आणि श्वासाचा मार्ग बंद होऊन रोगी गुदमरतो. अशा वेळी गळ्यास छेद देऊन श्वासास वाट करून द्यावी लागते. ही शस्त्रक्रिया थोड्या वेळाची, परंतु वैद्यास अतिशय धोक्याची. कारण रोग्याच्या एका खोकल्यासरशी घशातील विष वैद्याच्या तोंडावर उडते. हा धोका त्या काळच्या प्रत्येक शस्त्रवैद्यास पुरता ठाऊक होता, आणि कित्येक तरुण वैद्य त्यास बळी पडलेले होते. विल्म्स तर विद्यापीठाचे प्राध्यापक व रुग्णालयाचे प्रमुख. परंतु हे काम त्यांनी स्वतः केले.

फ्रेंच कैद्यास श्वास मिळाला. तो वाचला. परंतु रोग विल्म्स यांस जडला, आणि थोड्याच दिवसांत, मे १९१८ मध्ये, हायडेलबर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय केवळ पन्नास वर्षांचे होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, ता. ११ नोव्हेंबर रोजी, तोफा थंडावल्या.

या प्रसंगास आम्ही अधिक रंग चढवू इच्छीत नाही. विल्म्स यांनी त्या दिवशी काही मोठा त्याग करण्याचा संकल्प सोडला होता असे मानण्याचे कारण नाही. एक मनुष्य गुदमरत होता व आपल्या हाती त्यावरचा उपाय होता, यापलीकडे त्यांनी विचार केला नसावा. त्या मनुष्याच्या अंगावर कोणत्या राष्ट्राचा गणवेश आहे, हा प्रश्न त्यांच्या कामात येत नव्हता. आम्हांस यातच मोठेपण दिसते. जो आयुष्यभर आपले काम नीट करीत आला, त्यास कसोटीच्या वेळी निराळा मनुष्य व्हावे लागत नाही.

आता त्यांनी पेरलेल्या बीजाचे पुढे काय झाले ते सांगून हे चरित्र पुरे करू. अमेरिकेतील बोस्टन शहरी बालकांच्या रुग्णालयात विल्यम लॅड यांनी पोटाच्या पुढच्या बाजूने छेद घेऊन ही गाठ काढण्याची पद्धत बसविली, आणि १९४० च्या सुमारास जी मुले पूर्वी हटकून जात त्यांतील काही जगू लागली. शस्त्रक्रियेस क्ष-किरणांची जोड मिळाली. नंतर त्याच रुग्णालयातील विकृतिविज्ञानवेत्ते सिडनी फार्बर यांनी १९५० नंतरच्या दशकात मातीतील सूक्ष्मजीवांपासून काढलेले ॲक्टिनोमायसिन नावाचे औषध या रोग्यांस देऊन पाहिले, व फुप्फुसांत पसरलेल्या गाठीही विरू लागल्या. पुढे व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे औषध आले. वाचकांस नवल वाटेल, परंतु ते औषध आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीच्या झाडापासून मिळते. (मात्र ते शुद्ध करून मोजून मापून शिरेतून द्यावयाचे असते. सदाफुलीचा पाला कुटून मुलास पाजणे म्हणजे विष पाजणे होय, हे कोणी विसरू नये.) १९६९ साली अमेरिकेत व १९७१ साली युरोपात अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन कोणते औषध किती व केव्हा द्यावे याचा अभ्यास आरंभिला. परिणामी, जेथे सर्व साधने आहेत तेथे आज या रोगाच्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आमच्या मुंबापुरीतही १९४१ साली उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असल्या बालकांवर उपचार होतात.

या स्थळी आमच्या माताभगिनींस एक विनंती करितो. मुलास न्हाऊ घालताना पोटात एका बाजूस टणक गाठ हातास लागली, लघवीत रक्त दिसले, किंवा पोट एकाच बाजूने वाढत आहे असे भासले, तर अंगारेधुपारे व घरगुती काढे यांत दिवस न दवडता मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. शेजारणीपाजारणींनी कुतूहलाने ती गाठ पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये. दाबल्याने ती फुटण्याची भीती असते. बहुधा ते दुसरेच काही साधे दुखणे निघेल. परंतु निघाले नाही, तर वेळेवर नेलेले मूल बहुधा परत घरी येते. विल्म्स यांच्या काळी हे आश्वासन कोणी कोणत्याही आईस देऊ शकत नव्हते.

ज्या सात बालकांच्या गाठी विल्म्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली निरखल्या, त्यांची नावे वैद्यकाच्या इतिहासात नाहीत. ज्या फ्रेंच कैद्यासाठी त्यांनी प्राण वेचला, त्याचेही नाव सर्वसामान्य वाचकांस ठाऊक नाही. विल्म्सही वाचले नाहीत. परंतु त्या बालकांपासून मिळालेले ज्ञान पुढच्या पिढ्यांच्या हाती आले आणि त्याने हजारो मुले शाळेत गेली, मोठी झाली, स्वतः आईबाप झाली. आपल्या हयातीत फळ दिसले नाही म्हणून जो निराश होत असेल, त्याने हे चरित्र मनात ठेवावे. आमच्या पूर्वजांनी लावलेल्या ज्या वृक्षांच्या सावलीत आज आपण महोत्सव साजरा करीत आहोत, ती सावली त्यांच्याही वाट्यास आली नव्हती. त्यांनी लावले, आम्ही बसलो. आता आम्हीही काही लावून जावे, हेच अशा पुरुषांचे खरे स्मरण होय.